केरुबोचा अर्ज

“वांजालाच्या आई, लॅपटॉपवरचं खातं काढून टाकलं म्हणजे फाईली गेल्या असं समजू नका. डिस्क पुसायला माझ्याकडे ठेवा, संध्याकाळपर्यंत करून देतो,” बराझा म्हणाला होता. बुंगोमा गावातल्या त्या आरोग्य संस्थेचे सगळे लिनक्स लॅपटॉप तोच सांभाळायचा.

“तुला काय, भिंतीतही चोर दिसतो,” नालियाका हसली. नोकरीचा शेवटचा दिवस, पाठीवर बांधलेला वांजाला किरकिरत होता. तिनं स्वतःच आज्ञा टाईप करून आपलं खातं काढून टाकलं. पडद्यावरून नाव गेलं. लॅपटॉप जमा केला, ‘माझं काही उरलं नाही’ म्हणून वहीत सही ठोकली.

घरी पोराला पाजताना तिला एकदम आठवलं. केरुबो! त्या मैत्रिणीनं नवऱ्याविरुद्धचा न्यायालयाचा अर्ज नालियाकाच्या याच लॅपटॉपवर लिहिला होता. नवऱ्याचा मार खाऊन ती किटाले गावात लपून राहत होती, आणि अर्जात तिथला पत्ता होता. अगदी गल्लीसकट.

तिनं बराझाला फोन लावला.

“खात्याच्या फाईलींचा फोल्डरही काढून टाक, असं आज्ञेत वेगळं सांगावं लागतं. सांगितलंत?”

“नाही रे.”

“मग सगळं जागेवर आहे. आणि लॅपटॉप दुपारीच कोठारात गेला. मोगाकाकडे.”

संस्थेचं कोठार सांभाळणारा मोगाका म्हणजे केरुबोचा दीर.

पोराला पाठीशी बांधून ती मोटरसायकलवाल्यामागे बसली. रस्ताभर तिला एकच दिसत होतं, पडद्यावर उघडलेला तो अर्ज.

“या, या,” मोगाका खुर्चीतून न उठता म्हणाला. “काही विसरलात?”

“बाळाचे फोटो राहिलेत. दोन मिनिटं द्या.”

“पाहिले मी. नाक अगदी बापाचं.” त्यानं सावकाश समोरच्या लॅपटॉपचं झाकण मिटलं. “बाकीचंही वाचलं. आमची वहिनी किती मुद्देसूद लिहिते, नाही?”

मागून आलेल्या बराझानं लॅपटॉप उचलला आणि तिच्यासमोर डिस्क पुसायला लावली. पडद्यावर पुसल्याचे टक्के चढत होते, पण मोगाकाच्या डोक्यातलं कोण पुसणार? आणि मोगाका तर फोन कानाला लावून बाहेर निघून गेला होता.

नालियाका केरुबोला फोन करत राहिली. बंद. पुन्हा बंद. शेवटी तिनं निरोप टाकला: ‘आत्ताच्या आत्ता घर सोड.’ पोहोचल्याची खूण काही उमटेना.

तुमच्या परत केलेल्या लॅपटॉपमध्येही कुणा बाईचा पत्ता राहिला असेल, तर आज तिला फोन करा. ती बरी आहे ना, तेवढं विचारा.