पेवातली लिंबं

मिरजगावात हमिदाच्या घरी भर वैशाखातही रसाळ लिंबू मिळतं, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. नवरा जैनुद्दीन बागवान. बाजारोबाजार फिरून फळं विकायचा. पण फळ टिकवायची हातोटी हिची. बिनडागी लिंबं निवडायची, माठात ओलसर वाळूवर एकमेकांना टेकणार नाहीत अशी मांडायची, वर पुन्हा वाळू, आणि तोंडाला फडकं बांधून मातीनं लिंपून टाकायचं. "वारा लागला की लिंबू चामट होतं," एवढंच तिचं शास्त्र. मेथीची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळलेली, कांदा आढ्याला टांगलेला. तिच्या घरात भाजी कुजल्याचा वास कधी आला नाही.

चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात लेकीचं, खातूनचं लग्न करायचं ठरलं. वऱ्हाड खर्ड्याहून येणार. एवढ्या माणसांच्या सरबताला घरातले चार माठ कुठून पुरायला? शेजारी पुंजारामच्या अंगणात धान्य साठवायचं पेव होतं, दोन पुरुष खोल, तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं. त्या साली जोंधळा सरकारी लेव्हीत गेल्यानं ते रिकामंच होतं. माघ सरता सरता जैनुद्दीननं त्यात कडुनिंबाच्या हिरव्या पाल्याचे थर देत तीन पोती लिंबं रचली. तोंडावर फरशी बसली तेव्हा हमिदानं स्वतःच्या हातानं शेणमातीचा गिलावा दिला. नखाएवढी फट राहू दिली नाही.

पुंजाराम तेव्हाच म्हणाला होता, "जैनूभाई, उघडल्यावर लगीच आत उतरू नगा. दिसभर तोंड उघडं ऱ्हाऊ द्या. पेवात ऊब धरती."

जैनुद्दीन हसला होता. "ती जोंधळ्याची ऊब, पुंजारामभाऊ. लिंबाला कसली आलीय?"

लग्न आठ दिवसांवर आलं. एके सकाळी निरोप आला, की नवऱ्या मुलाचा चुलता आणि आणखी तिघं दुपारपर्यंत बैलगाडीनं पोचतायत. हमिदानं माठ चाचपले. वाळूत एकही लिंबू उरलं नव्हतं.

"अवो, पेव उघडा की. पाटीभर काढून आना."

पुंजाराम रानात गेला होता. जैनुद्दीननं आणि त्याच्या धाकट्या भावानं, रज्जाकनं, गिलावा फोडून फरशी सरकवली. आतून आंबूस, कोंदट वास आला. जैनुद्दीननं दोर खांबाला बांधला आणि तो धरून सरसर खाली उतरला. हमिदा पाटी घेऊन काठाशी बसली.

"पाला काळा पडलाय," खालून आवाज आला. "पन लिंबं..."

पुढचं काही आलंच नाही.

"काय झालं लिंबांना?" हमिदानं विचारलं.

तिनं वाकून पाहिलं. जैनुद्दीन लिंबांच्या राशीवर पालथा पडला होता, गाल टेकून, झोपल्यासारखा. ना किंकाळी, ना धडपड. ती नुसती बघतच राहिली. आत्ता बोलत होता माणूस! पाय घसरला म्हणावं तर पडल्याचा आवाजही नव्हता.

"या अल्ला," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

रज्जाकनं पेवात पाय सोडले, तोच घरातून धावत आलेल्या भागूबाईनं, पुंजारामच्या बायकोनं, त्याला बखोटीला धरून मागं ओढलं. "मागं हो! तूबी मरशील!" तिनं चुलीतलं जळतं लाकूड आणलं, दोराला बांधलं आणि खाली सोडलं. हातभर गेलं नसेल तोच जाळ बारीक झाला आणि विझला. वारा नाही, पाणी नाही, कुणी फुंकलं नाही. जिथं जाळ जगत नाही तिथं हमिदाचा नवरा पडला होता, आणि ते तोंड तिनंच लिंपलं होतं.

"घोंगडी आन गं! हो पुढं!" भागूबाई ओरडली.

हमिदाला आपले पाय उचलल्याचं कळलंसुद्धा नाही. दोघींनी घोंगडी दोराला बांधून पेवात खालीवर, खालीवर उपसायला सुरुवात केली, जणू पाणीच उपसतायत. रज्जाकनं विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आणला. पहिल्या खेपेला गळ सदऱ्यात अडकला आणि सदरा टर्रकन फाटला. जैनुद्दीनचं अंग इंचभर उचललं जाऊन पुन्हा लिंबांवर आदळलं. तो आवाज ऐकून हमिदा आणखी जोरानं घोंगडी उपसायला लागली. दुसऱ्या खेपेला गळ कमरेच्या चामडी पट्ट्यात रुतला.

तिघांनी ओढलं. तोंडाशी अंग अडकलं, तेव्हा रज्जाकनं बगलेत हात घालून वर खेचलं.

जैनुद्दीनचे ओठ जांभळे पडले होते. भागूबाईनं पाणी मारलं, छाती चोळली. काही नाही. हमिदानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि गालावर मारायला लागली, जन्मात पहिल्यांदा. "उठा! पोरीचं लगीन हाय! उठा!" किती मारलं कोण जाणे. अचानक त्याच्या घशातून घर्र आवाज आला, छाती वर आली आणि तो कुशीवर होऊन ओकला.

खर्ड्याची माणसं आली तेव्हा अंगणात सगळा गाव जमला होता. सरबताचं कुणाला भानच नव्हतं. दोन दिवस जैनुद्दीन तंद्रीत होता. खातूनला त्यानं दुसऱ्याच नावानं हाक मारली, आणि पोर रडत आत गेली. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः भाकरी मागून घेतली.

तोवर पुंजारामनं पेव उघडंच ठेवलं होतं. जळतं लाकूड तळापर्यंत विझेना, तेव्हाच रज्जाक उतरला. वर आलेली पाटी बघून हमिदा दचकली. वरचा थर सोडला तर लिंबं तशीच, पिवळीधमक, नखानं दाबलं की रस उडेल अशी. तिला ती हातात धरवेनात.

"फेकून द्या," ती म्हणाली.

"फेकायची कशापायी?" जैनुद्दीन खाटेवरून म्हणाला. "लगीन आपल्या पोरीचं हाय."

लग्न ठरल्या दिवशीच लागलं. वऱ्हाडानं सरबताची वाहवा केली. हमिदानं मात्र घोटभरही घेतलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस जैनुद्दीन दुपारी ओट्यावर पालथा पडला, की ती हातातलं काम टाकून बाहेर यायची.

"अवो!"

"काय गं?"

"काही न्हाई."

"जित्ता हाय मी," तो डोळे न उघडता म्हणायचा, आणि ती पुन्हा आत जायची.