रंगरावाचे तीन, आमचे सहा

हिंजवडीच्या अलीकडे आमचं गाव. ग्रामपंचायतीत नऊ मेंबर. तीन रंगरावाचे, तीन माझ्या पॅनेलचे आणि तीन माझ्या चुलतदिराचे, म्हणजे हिंदुरावाचे. निवडून आलो तेव्हा सरपंचपदाला तिघंही उभे राहिलो, तिघांना तीन-तीन मतं पडली आणि चिठ्ठी निघाली रंगरावाची. तीन मेंबरांच्या जोरावर हा गडी दोन वर्षं सरपंच! कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं, मी 'नको' म्हटलं की हिंदुराव हटकून 'पायजे' म्हणणार.

मग रंगरावानं शाळेचं मैदान कंपनीच्या बसगाड्या उभ्या करायला द्यायचं काढलं. त्याच मैदानावर खेळून आमच्या मुली खो-खोत जिल्ह्याला जाऊन आल्या होत्या. सरपंच उतरवायला नवातले सहा हात लागतात. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, पण तीन आणि तीन सहा, एवढं मास्तरांनी शिकवलं होतं. गेले हिंदुरावाकडं.

अकरा वर्षं त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या आनंदच्या लग्नात फेट्यासाठी नावं पुकारताना ह्याचं नाव राहिलं आणि हा भरल्या पंगतीतून उठून गेला.

"या वहिनी," झोपाळ्यावरून न उठता तो म्हणाला. "वाट चुकलात जणू?"

"मधी एक गोठा हाय भावजी. चुकायला जागा कुठाय?"

"आधी लग्नातली चूक कबूल करा. राजकारण मागनं."

"पुकारणारा तुमचाच मेहुणा होता."

"मांडव तुमचा होता!"

तेवढ्यात जाऊबाई चहा घेऊन आली. आमच्याकडं रीत अशी, की अबोला असलेल्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. घेतलं, की अबोला संपला. मग मागचं उकरणाऱ्याला गाव हसतं. हिंदुरावानं डोळ्यांनीच बायकोला मागं फिरवायला पाहिलं. त्याच्या आत मी कप उचलला आणि कडकडीत चहा दोन घोटांत संपवला. जीभ पोळली, पण चेहरा हलू दिला नाही.

"अवो वहिनी, माझं बोलणं व्हायचंय अजून!"

"माझं पिणं झालं. साखर कमी हाय."

जाऊबाई पदरात तोंड घालून हसली. हातची माफी गेलेली बघून त्यानं पाय टेकून झोका थांबवला. मग म्हणाला, "सरपंच मी व्हणार."

हे मात्र चहापेक्षा जास्त पोळलं. दोन वर्षं त्या खुर्चीवर माझाही डोळा होता, खोटं कशाला बोलू? पण मुलींना मैदान हवं होतं, माझी खुर्ची नको होती.

"व्हा," म्हटलं. "पण मैदान मुलींचंच राहील, असं लिहून आधी सही करा."

त्यानं केली.

तहसीलदारांपुढं सहा हात वर झाले. रंगरावानं ते दोनदा मोजले. पुढच्या आठवड्यात हिंदुराव खुर्चीत बसला, तर कंपनीचा माणूस हार घेऊन हजर! हार घालता घालताच त्यानं मैदानाचा विषय काढला. हिंदुरावानं माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या दोन मेंबरांच्या मध्ये नुसती ऐसपैस बसून राहिले.

"मैदान पोरींचं हाय," तो म्हणाला. "गाड्या तुमच्या गेटात लावा."

सूनबाई रुपाली विचारते, "आई, खुर्ची सोडल्याचं वाईट नाही वाटत?"

वाटतं की. सकाळी थोडं वाटतं. संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर जाऊन बसते, एखादीचा खो चुकला की तिच्या नावानं ओरडते, आणि गावात मला कुणी गप्प बस म्हणत नाही.