डिओलिंडाबाईंच्या वाक्याची चिठ्ठी

मी एक चिठ्ठी बोलतेय, शब्द कुणी कसा वापरला ते वाक्य टिपून ठेवलेली. मॅसॅच्युसेट्समधल्या एका इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत, ‘हरवणे’ या शब्दाच्या खणात माझा मुक्काम असतो. माझ्या शेजारणी वर्तमानपत्रांतून नाहीतर कादंबऱ्यांतून आल्या. मी मात्र एका बाईच्या तोंडून थेट उतरले, आणि त्याचा मला भारी तोरा आहे.

आमच्याकडे बोलायला बंदी. शेजाऱ्याकडे खोडरबर मागायचं तरी लिहूनच. अशा शांततेत एकदा ग्लॉस्टर बंदरातल्या डिओलिंडा फ्रागोझो शब्दकोश बगलेत मारून शिरल्या. त्यांच्या मुलाची, बेल्मीरोची, मासेमारी बोट महिनाभर परतली नव्हती. मालकाच्या पत्रात ‘समुद्रात हरवला’ एवढंच होतं.

“बाई, तुमच्या पुस्तकात या शब्दाचा पहिला अर्थ ‘नाश पावणे’. ‘सापडत नाही’ पार खाली, चौथा! पाद्रीबाबा म्हणतात, मृतांसाठीची मिस्सा-प्रार्थना करू या. म्हणजे माझं पोर गेलंच का?”

संपादक मिस कोल्बींनी चक्क तोंड उघडलं. “अहो, आम्ही सगळ्यात जुना अर्थ आधी देतो. हजार वर्षांपूर्वी या शब्दात नाशच होता. बाकीचे अर्थ मागाहून आले. पहिला म्हणजे जास्त खरा, असं नाही.”

“मग तसं लिहायचं ना!”

“लिहिलंय. प्रस्तावनेत.”

“प्रस्तावना कोण वाचतं, बाई?”

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. डिओलिंडाबाई हसल्या नाहीत. “मग सापडेल तो?”

“ते शब्दाला ठाऊक नसतं. मलाही नाही.” मिस कोल्बींनी कोरा कागद ओढला. “तुम्ही हा शब्द कसा वापरता, सांगा.”

“बेल्मीरो हरवलाय. त्याचं सूप मी रोज झाकून ठेवते.”

तो माझा जन्म.

नव्या आवृत्तीच्या वेळी प्रत्येक चिठ्ठीवर अर्थाचा आकडा पडतो. माझ्यावर एक घालायचा की चार? मिस कोल्बींनी पेन्सिल टेकवली आणि उचलली. ग्लॉस्टरहून दर वर्षी पोस्टकार्ड यायचं, ‘अजून काही कळलं नाही.’ पुढे तेही थांबलं. मिस कोल्बी निवृत्त झाल्या. नंतरच्या संपादकांनीही मला “ही राहिली वाटतं” पुटपुटत उचललं, वाचलं आणि आकडा न घालता परत ठेवलं.

बिनआकड्याची चिठ्ठी छापत नाहीत, म्हणून मी पुस्तकात गेले नाही. माझं काही अडलं नाही. उद्या तुम्ही संपादकाच्या खुर्चीत बसलात, तर आधी मला पूर्ण वाचा. मग हिंमत असेल तर घाला आकडा.