हजर बाई, वैशाखरे

मित्रांनो, मी एक जुना हॅशटॅग आहे. जुना म्हणजे काही वर्षांचाच. पण आमच्यात एवढ्या वयात म्हातारपण येतं. माझ्या कपाळावर फुलीगोळ्याच्या खेळासारखी चौकट आहे आणि तिच्यामागे माझं नाव: #हजरबाईवैशाखरे. हे नाव लिहून कुणी फोटो टाकला, की तो माझ्या माळेत येऊन बसतो. नावावर बोट ठेवलं, की सगळी माळ दिसते. एवढंच माझं काम.

माझा जन्म वैशाखरे गावच्या समाजमंदिरात झाला. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना निवृत्त संघरत्नाबाईंचे आभार मानायला मेळावा घ्यायचा होता. बाई म्हणाल्या, "शाल-श्रीफळ नको रे. माझा जैतू कुठं हाय, तेवढं शोधा." जैतू पाड्यावरचा चुणचुणीत मुलगा. चौथीत असताना दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला, तो शाळेत परत आलाच नाही. कुणी म्हणे भिवंडीकडे आहे, कुणी म्हणे गुजरातेत.

त्याला आणि गावोगाव पांगलेल्या इतरांना गाठायचं, म्हणून हॅशटॅग हवा होता. आमच्या भागात बॅनरवर एखाद्याचं नाव राहिलं, तर वर्षभर रुसवा धरतात. तीच रीत इथंही आली. माजी विद्यार्थ्यांपैकी पाड्यावरच्या वाल्मिकने सगळे पाडे, मंडळ आणि शाळेचं पूर्ण नाव एका दमात जोडलं. नमनालाच घडाभर तेल! ते नाव टाइप करता करता माणसांचे अंगठे दुखले. दोन-तीन फोटो आले आणि थांबले.

मग त्यांच्यातल्याच सतीशने नुसतं #शाळेच्याआठवणी घेतलं. त्यात देशभरातल्या शाळांची जत्रा आधीच भरलेली! आपली माणसं त्या गर्दीत दिसेनात.

शेवटी टोकावड्याला दिलेली काजल माहेरी आली होती, ती म्हणाली, "अरे, पाड्यातला असो नायतर गावातला, बाईंना आपण सगळे रोज काय बोलायचो?"

"हजर बाई!" सतीश ओरडला.

काजलने आधी शोधून पाहिलं. नुसतं 'हजरबाई' विनोदांसाठी कुणी वापरत होतं, म्हणून तिने मागे गावाचं नाव जोडलं. तसं कुणाचंच नव्हतं. वाल्मिक जरा कुरकुरला, "आमच्या पाड्याचं नाव नाय त्यात." काजल हसली, "तुझ्या पाड्याची पोरं यात हायेत रे." आणि मी जन्मलो.

काय दिवस होते ते! कुणी रिक्षाच्या सीटवरून, कुणी भाताच्या खाचरातून, कुणी इस्पितळाच्या गणवेशात फोटो टाकला. बाईंची नात त्यांना एकेक दाखवी. बाई प्रत्येकाला नावानिशी ओळखत आणि मग विचारत, "जैतू?"

आणि एका दुपारी माझ्या माळेत वीटभट्टीच्या धगीपुढे उभा असलेला एक धुळकट माणूस आला. फोन त्याची मुलगी राही धरून होती. तिनेच कुणाच्या तरी मोबाइलवर माझं नाव वाचून बापाला ऐकवलं होतं. कॅमेऱ्याकडे बघून तो एवढंच बोलला, "बाई, जैतू हाय मी." बाईंनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. त्या रडल्या. मलाही भरून आलं; मला डोळे नाहीत, एवढंच.

मेळाव्याला जैतू बायको काशी आणि राहीला घेऊन आला. बाईंच्या पाया पडून त्याने राहीला पुढं केलं. "आमच्यासंगं भट्टीवर येते, तवा हिची पण शाळा बुडते, बाई. तुमीच सांगा, काय करू?"

"करायचं काय? तुमी जाल तवा ही माझ्या घरी राहील."

मेळावा संपला. नव्या कार्यक्रमांना नवे हॅशटॅग मिळाले. आता माझ्याकडे कुणी फिरकत नाही. वाईट वाटतं, पण तक्रार नाही. ज्यांनी मला माणसं गोळा करायला लावलं, त्यांचा मी जन्माचा ऋणी आहे.

मित्रांनो, माझ्या भावंडांचं नाव ठेवाल, तेव्हा ते छोटं ठेवा, आधी शोधून पाहा आणि ज्याला बोलवायचं आहे त्याच्या ओठांवर बसेल असंच निवडा. आणि कुणी आलं, तर त्याला नुसतं लाइक देऊन सोडू नका.

त्या वर्षी दिवाळी झाली. जैतू आणि काशी भट्टीवर गेले. राही गेली नाही.