सहाणेवर उगाळलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. काळ्या दगडाची, मधोमध झिजलेली. पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात अजिंठ्याच्या बाजारात एका पाथरवटाकडून दगडाबाईनं मला घेतलं. "दगडाबाईनं दगडच आणला," म्हणून घरचे हसले होते.

पण त्या घरात मला फार मान मिळाला. बाळगुटीचं वेखंड, हिरडा, मुरुडशेंग सगळं माझ्यावरच उगाळलं जाई. कुणाचा पाय मुरगळून सुजला की आंबेहळदीचा लेपही माझ्यावरच. सूज उतरली की कौतुक माझं! दगडाबाईच्या सुनेचा, वच्छलाबाईचा लेक सांडू तर माझ्यावरच्या गुटीवरच वाढला. खरं सांगते, मला थोडी फुशारकीही चढली होती.

पुढे सांडू कारखान्यात लागला आणि हे कुटुंब चितेगावला आलं. गुटी तयार बाटलीत मिळू लागली. माझी रवानगी मोरीत झाली. माझ्यावर साबणाची वडी ठेवू लागले. वाईट वाटलं, पण सांगणार कुणाला?

एके दिवशी कारखान्यात पत्र्यानं सांडूचं पाऊल कापलं. डॉक्टरांनी जंतू मारणाऱ्या गोळ्या दिल्या. वच्छलाबाईनं मला घासून धुतलं आणि हळकुंड उगाळायला घेतलं. इतक्या वर्षांनी तो वास आला आणि मला भरून आलं. मग तिनं पाकीट फोडून एक गोळी माझ्यावर टाकली.

"माय, डॉक्टरनं पोटात घ्यायला सांगितल्यात," सांडू म्हणाला.

"लई गरम पडतात त्या. मागं तोंड आलं नव्हतं का तुझं? दुखणं पायात हाय, पोटात नाय. हळदीसंगं लावते, दोन्हीचा गुण यील."

सांडूनं पाय पुढे केला. मी मात्र तळमळत होते. गुटी पोटात जाते आणि लेप वरून लागतो, हे तर ही बाई माझ्याजवळच शिकली होती! पण दगडाला कुठलं तोंड? गोळी पिवळ्या लगद्यात विरघळली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही.

पाय काळानिळा पडला. सांडू तापानं फणफणला. तेव्हा शेजारची जहांआरा धावत आली. ती एका दवाखान्यात नर्स आहे. माझ्यावरचा पांढरट-पिवळा लगदा आणि शेजारी फोडलेलं गोळ्यांचं पाकीट बघून ती ओरडली.

"या अल्ला! काकी, गोळ्या घासल्या? गोळी रक्तातनं पायाला पोचती. वरून लावून काय होणार?"

"पण हळदीत गुण नाय का गं?"

"है ना, काकी. हळद अन् लिंबातला अर्क गोळीच्या जोडीला दिला तर जंतूंवर काय असर होतो, ते मोठे डॉक्टर लोक तपासतेत. पण जोडीला, काकी. गोळीच्या बदल्यात नाय. अन् उघड्या जखमेला आपल्या मनानं कायच लावायचं नाय."

त्याच घटकेला सांडूला शहरात नेलं. जीव वाचला. पाऊल काढावं लागलं.

आता मी बाहेर नळाजवळ उपडी पडले आहे. वच्छलाबाईला माझ्याकडे बघवत नाही. तिचा मला राग येत नाही, कारण तिनं केलं ते लेकाच्या मायेपोटीच.

मित्रांनो, हळदीला मान द्या, गोळीलाही द्या, पण कुठलं औषध कुठे आणि किती, हे जाणत्याला विचारून घ्या. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे. सांडू रोज सकाळी भिंतीला धरून पाय धुवायला माझ्यावर पाऊल टेकवतो. एकच पाऊल. त्याचा भार मला सोसत नाही.