गळे गेले उसाला

संगीताने माणूस घडतो, अशी अजिनाथ सरांची श्रद्धा होती. पण त्यांना सध्या घडवायची होती ती फक्त सातवीच्या समूहगीताची ढाल. दसरा झाला आणि सुरात गाणाऱ्या सगळ्या पोरी आईबापांमागे ऊसतोडीला गेल्या. सर हुशार. त्यांनी गाणं आधीच मोबाईलवर भरून ठेवलं होतं. पाथर्डीच्या स्पर्धेत उरलेल्यांनी त्यावर नुसती तोंडं हलवायची होती.

दुसऱ्या कडव्याला वीज गेली, स्पीकर मुका झाला. तोंडं हलतच राहिली.

“सर, आता खरंच म्हनू का?” रेश्माने हळूच विचारलं.

“गप. तुझ्या गळ्यापरीस तोंड बरं हाय.”

ढाल तरीही सरांनाच मिळाली. बाकीच्या शाळांची पोरंही ऊसतोडीला गेली होती, स्पर्धेला दुसरं कोणी आलंच नव्हतं.