कड्यावरची रेघ

पंप चालू असला की थेंबसुद्धा गळायचा नाही. बंद केला की मात्र जोडणीखाली टपटप सुरू व्हायची आणि बघता बघता पंपघराच्या फरशीवर तळं साचायचं. वडील गेल्यापासून लेकीला उलट्या गोष्टींची सवय झाली होती, तरी ही एक काही केल्या डोक्यात शिरत नव्हती.

घरामागचा पोहण्याचा तलाव वडिलांनी बांधलेला. फार मोठा नाही, पण आजूबाजूच्या दोन पिढ्या त्यात हातपाय मारायला शिकल्या. तो चालू राहावा म्हणून लेक नोकरीतून रजा काढून राहिली होती. आईने बजावलं होतं, "रविवारी पोरं येणार. तोवर पाणी निवळलं तर ठीक. नाहीतर कुलूप घालू आणि मोकळे होऊ." मोकळं व्हायचं म्हणताना तिचा आवाज असा काही लागला, की तिला नेमकं काय हवंय ते लेकीला कळेना.

काका मदतीला येऊ लागला. त्याने जन्मभर बस चालवलेली. यंत्राला आधी दोन शब्द सुनावायचे आणि मग हात लावायचा, ही त्याची पद्धत.

"सोंगाडं आहे," तो पंपाकडे बघत म्हणाला. "चालू असताना साळसूद, बंद केलं की रडगाणं."

"काका, चालू असताना पंपाच्या त्या पारदर्शक झाकणातून बघ. बुडबुडे दिसतायत?" लेकीने आदल्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या जुळवलेलं ते सांगून टाकलं. "पंप पाणी ओढतो तेव्हा फटीतून हवा आत जाते. बंद झाला की त्याच फटीतून तलावाचं पाणी बाहेर येतं. आणि हवा शिरली की पाणी नीट गाळलं जात नाही, म्हणून तलाव गढूळ."

"मग आवळ की."

"रोज आवळतेय. आणि रोज जास्त गळतंय."



जोडणी म्हणजे पाइप आणि पंप एकमेकांना धरून ठेवणारं प्लॅस्टिकचं जाड कडं, आत एक रबरी रिंग. वडील रोज सकाळी पंप सुरू करायच्या आधी त्या कड्याला हात लावायचे. लेकीने लहानपणापासून दारातून पाहिलं होतं: पाठमोरे, किंचित वाकलेले, उजवा हात कड्यावर. म्हणून तीही दुपारी टॉवेल गुंडाळून, दातओठ खाऊन ते फिरवायची.

कडं आपोआप सैल होत असणार, असं तिला वाटलं. तिने कडं आणि पाइप दोन्हींवरून मार्करने एक सरळ रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी रेघ तुटलेली होती. पण सैल व्हायच्या बाजूला नव्हे, आवळायच्या. तिने हवेत बरणीचं झाकण लावून पाहिलं, पुन्हा कड्याकडे पाहिलं. बाजू तीच.

"काका, कडं स्वतःहून आवळलं जातं का कधी?"

"माझ्या पोटावरचा पट्टा सोडला तर स्वतःहून काही आवळत नाही." मग त्याने घसा खाकरला. "संध्याकाळी जाताना मी एक हात मारतो. पान्याने. दादा मारायचा ना."

त्याने हात मारणं बंद केलं. तिनेही. नवी रेघ ओढली. सकाळी तीही सरकलेली.

"दादाची शपथ, मी नाही," काका म्हणाला, आणि दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. आई दारात उभी होती.

"माझ्याकडे काय बघता? पहाटे फिरवते मी थोडंसं. तू झोपलेली असतेस, भावजी आलेले नसतात."

"का पण?"

"ते फिरवायचे म्हणून."

"वहिनी, तुम्हाला तर कुलूप घालायचंय ना?"

"हो," आई म्हणाली. "म्हणजे, माहीत नाही, भावजी."

व्हॉल्व्ह बंद करून त्यांनी कडं सोडवलं. दोघांचा जोर लागला. आतली रिंग चपटी होऊन एका कडेने चिरलेली निघाली. तिघांनी मिळून तिचा जीव घेतला होता.

"बाबा रोज आवळत असते तर ही केव्हाच गेली असती," लेक म्हणाली. "मग ते करायचे काय? ओलं आहे का ते नुसतं चाचपायचे?"

"पाठमोरे असायचे," आई म्हणाली. "मीही दारातूनच पाहिलंय."

दोघी काकाकडे बघू लागल्या.

"मी विचारलं नाही कधी," तो म्हणाला.

वडिलांच्या डब्यात त्याच मापाची नवी रिंग सापडली. तिला ग्रीस लावून लेकीने ती बसवली आणि कडं फक्त हाताने, न कुंथता आवळलं. रेघ या वेळी आईने ओढली. पंप सुरू केला, बुडबुडे आले, विरळ झाले, थांबले. बंद केला, खाली कोरडं. आता कुणीही हात लावायचा नाही, असं काकाने दोघींना दरडावलं आणि पाना स्वतःच्या घरी घेऊन गेला.

रविवारपर्यंत पाणी निवळशंख झालं. सकाळी लेक पंप सुरू करायला गेली तर आई आधीच आत होती. पाठमोरी, किंचित वाकलेली, उजवा हात कड्यावर. दारातून काही कळत नव्हतं.

"आई, फिरवतेयस की नुसता हात ठेवलायस?"

आईने हात तसाच ठेवला. "मलाच समजेना झालंय," ती म्हणाली.

लेक जवळ गेली. रेघ सरळ होती. तिने आईच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. प्लॅस्टिक थंड आणि कोरडं होतं. वडिलांना इथे रोज काय लागत असेल हाताला, ते तिला तरीही कळलं नाही.

"बटण दाब," आई म्हणाली. "पोरं येतील आता."